कापलेली तिसरी पिन

मागच्या रविवारी सोनईला आत्याकडे गेले होते. गाईंच्या वैरणीची वेळ झाली होती आणि वहिनी, म्हणजे आत्याची सून, कडबा कुट्टीच्या मशीनपासून लांबच उभी होती...

आत्या वैतागलेली. मशीनला हात लावला की हिलाच तेवढ्या झिणझिण्या येतात म्हणे. तिच्या नवऱ्याने, म्हणजे दादाने, हात लावून बघितला, त्याला काहीच जाणवलं नाही. मग घरात ठरूनच गेलं, की हिला काम नकोय. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याही ती घेत होती.

दादा शेतातून येतो तो रबरी गमबूट घालूनच. पण त्यांच्याकडे बायका गोठ्यात चप्पल घालत नाहीत... गाय लक्ष्मी म्हणून. आत्या गुडघ्यांमुळे हल्ली गोठ्यात जातच नाही. म्हणजे ओल्या फरशीवर रोज अनवाणी फक्त वहिनी.

मी नगरच्या एमआयडीसीत प्लग-सॉकेटचं डिझाइन करते. टेस्टर मागून घेतला आणि मशीनच्या पत्र्याला टेकवला. दिवा लागला... म्हणजे पत्र्यात वीज उतरली होती.

मेन बंद करून प्लग उपसला, तर वरची जाड पिन गायब. सॉकेटच्या मोठ्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. पिन आत जाईना, म्हणून दादाने ती हॅक्सॉने कापून टाकली होती. दोन पिनांवर चालतंय की, असं त्याचं म्हणणं.

ती अर्थिंगची पिन आम्ही मुद्दाम लांब ठेवतो. प्लग लावताना ती आधी जोडली जाते, काढताना शेवटी सुटते. पत्र्यात वीज उतरली तर तिने ती जमिनीत न्यायची... ती नव्हती, म्हणून वीज वहिनीच्या अंगातून जात होती.

दादाने लगेच फोन लावला. तालुक्याहून वायरमन आला, मोटार उघडून दुरुस्त केली, अर्थिंग तपासलं, नवा प्लग बसवला. मग वहिनीने भीत भीत पत्र्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"मंजी ताई, मी खरंच सांगत हुते," एवढंच म्हणाली. आत्याने पदराने डोळे पुसले.

कुणी ऐकत नव्हतं तरी ती सांगत राहिली... म्हणून आज आमच्यात आहे. वहिनी, तू गप्प बसली नाहीस, याचेच उपकार.