बावन्नाव्या भागानंतर

बॅटरीकाका थिएटरात सव्वीस वर्षं डोअरकीपर होते, पण एकही सिनेमा त्यांनी धड पाहिला नव्हता. सुरुवातीला उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्च्या दाखवायच्या आणि शेवट जवळ आला की बाहेरचे दरवाजे उघडायला पळायचं. मधला जो तुकडा हाती लागेल तो आपला. हल्ली पायऱ्यांनाच दिवे बसवले होते, तरी काकांच्या खिशातली बॅटरी काही सुटली नव्हती.

एकच गोष्ट त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली होती, तीही घरच्या टीव्हीवर, लेकीच्या शेजारी बसून. काका कामावरून यायचे तोवर लेक झोपलेली आणि ती शाळेत जायची तेव्हा काका झोपलेले. बापलेकीची गाठ पडायची ती रविवारी सकाळी नऊला. तेव्हा एक जपानी मालिका लागायची. टपाल वाहणारं उडतं जहाज, त्याची चौदा वर्षांची कप्तान आणि तिच्यावर सदानकदा खेकसणारा म्हातारा मिस्त्री. काकांच्या तोंडून चुकून 'कार्टून' निघालं की लेक डोळे वटारायची. "बाबा, अ‍ॅनिमे!"

बावन्नाव्या भागात जहाजाची साखळी धक्क्याला अडकली. ती सोडवायला मिस्त्री खाली उतरला, जहाज सुटलं आणि 'मी येतो मागच्या जहाजाने' असं ओरडत तो तिथेच राहिला. मालिका तिथेच संपली. अकरा वर्षांची लेक दोन दिवस धड जेवली नाही. शेवटी काकांनी ठोकून दिलं, "अगं, येतो तो परत. आम्हा थिएटरवाल्यांना सगळं आधी कळतं."

त्याला तेरा वर्षं झाली. लेक नर्स झाली, दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात लागली. फोनवर आईशी तासभर बोलायची. काकांच्या वाट्याला 'जेवलास का, गोळी घेतलीस का' एवढंच यायचं. भांडण नव्हतं, काही नव्हतं. बोलायला विषयच उरला नव्हता, आणि त्याचं काकांना फार वाईट वाटायचं.

आणि एका सकाळी थिएटरावर पोस्टर चढलं. तेच जहाज! मालिका जिथे थांबली तिथून पुढची गोष्ट, आता मोठ्या पडद्यावर. काकांनी शिडीखाली उभं राहूनच फोन लावला.

लेक ओरडलीच. "बाबा, मिस्त्री येतो का रे?"

"मला काय ठाऊक?"

"का? तुला तर आधीच ठाऊक होतं!"

काकांनी घाईघाईने विषय बदलला, कधी येतेस म्हणून विचारलं. तिला सुट्टी होती ती सिनेमा लागल्यावर दुसऱ्या रविवारी. "मी येईपर्यंत शेवट बघायचा नाही हं," अशी ताकीद देऊन तिने फोन ठेवला.

पण सिनेमाने पहिल्याच दिवशी मान टाकली. मॅनेजरसाहेबांनी रंगीत जहाज पाहून 'बच्चेकंपनीसाठी धमाल' अशी पाटी लावली होती. मग काय, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन आले. पडदा उजळतो तर एक मुलगी साखळी कवटाळून रडतेय! ही कोण, का रडतेय, कुणाला पत्ता नाही. तुम्ही बावन्न भाग पाहिलेत असं धरूनच सिनेमा सुरू होत होता. मध्यंतरापर्यंत अर्ध्या खुर्च्या मोकळ्या.

"शुक्रवारी उतरवतो," साहेब म्हणाले.

"पुढचा रविवार तेवढा जाऊ द्या, साहेब."

"बघायला कोण येणार? तुम्ही आणि खुर्च्या?"

काका दारावर परतले. पण दुसऱ्या दिवशी दारात एका आजींनी विचारलं, "अहो, हे आम्हाला समजेल का?" आणि काकांनी तिकीट फाडता फाडता मागची गोष्ट सांगायला घेतली. आधी अडखळले, मग रंगात आले. बॅटरी मिस्त्रीचा पाना झाली, घसा खरवडून मिस्त्रीचा आवाज निघाला. बावन्न भाग त्यांनी सात मिनिटांत उरकले. आजी शेवटपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

मंगळवारपर्यंत लोक वेळेआधी येऊन दाराशी गोळा व्हायला लागले. मालिका तोंडपाठ असलेली कॉलेजची टोळी खास चुका काढायला यायची. "काका, वादळ राहिलं!" की काका वादळ घुसवायचे. साहेब जिन्यात उभे राहून कान देत.

शेवटाची मात्र पंचाईत होती. दरवाजे उघडायला आत जावंच लागे. काका पडद्याकडे पाठ करून, कानांत बोटं घालून शिरत आणि खांद्याने कड्या सरकवत. लोक डोळे पुसत बाहेर पडायचे. आनंदाने रडलेत की दुःखाने, हे मेलं तोंडावरून काही कळायचं नाही.

गुरुवारी साहेब म्हणाले, "रविवारी सकाळी नऊचा एकच खेळ. जास्त मागू नका."

रविवारी काका दारात गोष्ट सांगत होते. धक्क्यापर्यंत आले आणि घोळक्यामागे खांद्याला बॅग लावलेली लेक दिसली. काका पुढचं वाक्यच विसरले. तेव्हा मागूनच मिस्त्रीचा खरखरीत आवाज आला, "जा गं पोरी! मी येतो मागच्या जहाजाने!" सगळ्यांनी वळून तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

दोघं शेवटच्या रांगेत बसली. वेळ झाली तसे काका सवयीने उठले.

लेकीने बाही धरली. "कुठे चाललास?"

"दरवाजे..."

"बस म्हणते ना!"

पडद्यावर धुकं होतं. म्हातारा मिस्त्री धक्क्यावर आपल्या पेटीवर बसला होता. मागचं जहाज कधी आलंच नव्हतं. मग धुक्यातून तेच जुनं जहाज खाली उतरलं. कप्तान आता मोठी झाली होती आणि कठड्यावरून वाकून मिस्त्रीवर खेकसत होती, अगदी त्याच्याच आवाजात.

"थापाड्या," लेक नाक ओढत म्हणाली. "तो कुठे आला परत? त्यांनाच यावं लागलं."

"आले ना पण," काका कसंबसं म्हणाले. त्यांना रडू आवरेना. "आले म्हणजे झालं."

दिवे लागले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच दरवाजे बंद राहिले होते आणि साहेब बाहेरून धडाधड वाजवत होते. काका डोळे पुसत कडीकडे धावले. लेक त्यांच्या मागोमाग बोलतच होती, "वादळाचा भाग चुकीचा सांगितलास तू. आणि ते दीपगृहाचं कुठे गेलं? थांब, मी सांगते..."