आमच्या व्याह्यांचे नेरूळ स्टेशन

नेरूळ स्टेशन रेल्वेच्या मालकीचे आहे, असा ज्यांचा प्रामाणिक समज असेल, त्यांनी एकदा आमच्या व्याह्यांना भेटावे. अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे लिहिण्यात माझी हयात गेली असल्याने कोणतेही विधान मी तोलूनमापूनच करतो. तरीही लिहून देतो की, जिथे आज फलाट आहेत तिथे पूर्वी व्याह्यांचे भाताचे खाचर होते, आणि पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवण्याचा त्यांच्या आगरी घराचा रिवाज खाचर गेले तरी शिल्लक राहिला. परिणामी मुंबई, पनवेल, ठाणे किंवा उरणला जाण्यासाठी इथे गाडी बदलणारा यच्चयावत मनुष्य त्यांचा पाहुणा ठरतो.

रोज पांढरी टोपी चढवून ते जिन्याखाली उभे राहतात. कोणी मान वर करून इंडिकेटर वाचू लागला, की त्याची पिशवी व्याह्यांच्या हातात गेलीच. "त्या पाटीला काय इचारतस? मी हाय ना!" वाशीचे एक साहेब एकदा घाबरून ओरडले, "ओ काका, बॅग सोडा!" व्याही चालता चालता म्हणाले, "सोरतो, पन गारीत!" त्यांनी बसवून दिलेला एकही मनुष्य आजवर भलत्या गावी उतरलेला नाही, हा त्यांचा अभिमान.

त्यांची एकुलती कन्या ही आमची सून. गेल्या दिवाळीनंतर आमच्या चिरंजीवांनी नेरूळहून ठाण्याला बिऱ्हाड हलवले. ठाणे अवघ्या पाऊण तासावर असल्याचे मी व्याह्यांना सप्रमाण पटवून दिले. ते म्हणाले, "लोकाच्या पोरीला पाऊन तास, व्याही. माजे पोरीला लय लांब."

चिरंजीव टेम्पोबरोबर पुढे गेले. संध्याकाळी सुनेला पोचवायला आम्ही दोघे व्याही स्टेशनावर आलो. व्याह्यांनी तिची बॅग उचलली आणि शांतपणे उरणच्या गाडीत ठेवली. "बस बाय. हीच ठान्याची."

माझ्या तोंडून "अहो" निघणार, तोच या स्टेशनावरच लहानाची मोठी झालेल्या आमच्या सुनेने मला डोळ्यांनीच गप्प केले. "बरं बाबा," म्हणत ती खिडकीशी जाऊन बसली.

गाडी गेली. व्याह्यांनी बाकावर बसून टोपी काढून मांडीवर ठेवली. "चुकलं वाटतं," ते पुटपुटले.

"होतं कधी कधी," मी म्हणालो.

पुढल्या स्टेशनावरून ती परतली. "उशीर झाला, बाबा. उद्या जाते." चिरंजीवांचा फोन आला, तेव्हा 'आम्हा व्याह्यांची गफलत झाली' असे निवेदन मी केले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी तिला ठाण्याच्याच गाडीत बसवले.

अजूनही ते सर्वांना पोचवतात. फक्त ठाण्याच्या गाडीपाशी पिशवीवरची त्यांची मूठ लवकर सैल होत नाही. गाडी हलायला येते, तेव्हा पाहुणाच हळूच म्हणतो, "काका, सोडा आता."