चपलांसाठी ठेवलेला ट्रॅक

तुमच्या आजोबांची गिटार बैठकीच्या खोलीत, कपाटाला टेकून उभी असते. ती मी रोज पुसते. मागच्या हिवाळ्यापर्यंत माझा आणि तिचा संबंध एवढाच होता.

मग ताई, सातासमुद्रापलीकडून तुझा फोन आला. तुम्ही दोघं भावंडं मे महिन्यात इथे यायचात, तेव्हा आजोबा संध्याकाळी मागच्या कट्ट्यावर बसून जी धून वाजवायचे, तिची शेवटची ओळ तुला आठवेनाशी झाली होती. धून त्यांची स्वतःची, कुठल्या गाण्यातली नव्हे. कुणी कधी रेकॉर्ड केली नाही. रोजचीच होती ना. आजोबा गेल्यावर ती अख्खी फक्त माझ्या कानात उरली होती, आणि माझ्या कानांचा काय भरवसा? मी वाजवून पाठवते म्हणाले. तू हसली नाहीस, हे मला बरं वाटलं.

दोन-तीन कॉर्ड त्यांनी मला हौसेनं शिकवले होते. बाकीची धून मी एकेका तारेवर चाचपडत शोधली. डाव्या बोटांना घट्टे पडले. भाकरीचं पीठ मळताना त्या बोटांना ऊन पाणी कळेनासं झालं.

वाजवता आलं, तरी रेकॉर्ड करणं निराळंच. तो धडा बाळा, तू व्हिडिओ कॉलवर दिलास. फोन गिटारच्या भोकासमोर ठेवायचा नाही, आवाज घुमतो. गळा आणि पोट जिथे जुळतात त्या बाजूला, वीतभर अंतरावर ठेवायचा. पंखा बंद. फोन विमानाच्या मोडवर. समोरच्या भिंतीला जाड काहीतरी लावायचं. मी गादी उभी केली, खिडक्यांना गोधड्या बांधल्या. फोन शब्दकोशांच्या चळतीवर ठेवला. इतकी वर्षं इंग्रजी शिकवल्याचा हाही एक उपयोग. पहिल्यांदा जोरात वाजवलं तर आवाज फाटला. मग बोटाच्या मांसानं, हलकेच वाजवलं.

शेजारच्या वहिनी दार वाजवत आल्या. घामाघूम मला आणि उभ्या गादीला पाहून म्हणाल्या, "काय वो काकू, भरदुपारी दारं-खिडक्या लावून बसलाय, बरं न्हाय व्हय?" त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

अखेर एकही चूक न होता धून पूर्ण झाली. अगदी स्वच्छ. मी पाठवली आणि रात्रभर तुमच्याकडे दिवस कधी संपतो याची वाट पाहिली.

ताई, तू म्हणालीस, "शेवटची ओळ मिळाली गं आजी." मग विचारलंस, "पण पायाचा आवाज कुठाय?"

तो माझ्या लक्षातच आला नव्हता. घरात चपला चालणार नाहीत हा माझा नियम, आणि आजोबांना त्यांच्या करकरत्या कोल्हापुरी चपला पायात असल्याशिवाय वाजवायला जमायचं नाही. म्हणून तर ते कट्ट्यावर बसायचे. उजव्या पायानं ठेका धरायचे आणि दर ठेक्याला चप्पल करकरायची. तुमच्या कानात धून आणि करकर एकच होऊन बसली होती.

चपला कपाटात कागदात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मी त्या पायात घातल्या आणि बैठकीच्या खोलीतच बसले. टाचेमागे चार बोटं जागा उरली. ठेका धरला. फट् असा आवाज झाला, करकर नाही. उभी राहिले, फेऱ्या मारल्या, टाचेवर सगळा भार टाकला. वहिनी नेमक्या उसन्या साखरेची वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. "चपला? घरात? आणि तुमी?" मी कारण सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काकांचं वजन कुठं, तुमचं कुठं. तुमच्या पायाला न्हाय बोलायची ती."

खरंच आहे. चामडं चांगलं आहे, तळ शाबूत आहे. त्याला फक्त जड पाय हवा.

बाळा, तूच मला दाखवलंस की एका ट्रॅकवर गिटार ठेवून त्याच्याखाली दुसरा ट्रॅक वेगळा रेकॉर्ड करता येतो, आणि दोन्ही एकदम वाजतात. तुझ्या आईनं परवा सांगितलं की तुझे बूट आता दुकानात शोधावे लागतात, इतका पाय वाढलाय. मी चपलांचा तळ ओल्या फडक्यानं पुसून त्या कट्ट्यावर सावलीत ठेवल्या आहेत. पहिल्या ट्रॅकवर माझी गिटार आहे. दुसरा उघडून ठेवला आहे, त्यावर काही नाही.

गोधड्या धुऊन घडी करून ठेवल्या, गादी मात्र अजून भिंतीलाच उभी आहे. तिकीट काढाल तेव्हा सांगा. चप्पल घालून थेट आत आलात तरी चालेल.