बायकांच्या रांगेत का बसलो

ती गेली त्या सकाळी तिनं माझ्या पायाची नखं कापली. माझी कंबर आता वाकत नाही. ओट्यावर बसून पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, "एवढी वर्षं लूम चालवलात, सोताची नखं कापता येत न्हाय." मी म्हटलं, "हळू काप, पाय हाय, गाजर न्हाय." हसली. दुपारी नळावर हंडा भरताना खाली बसली, ती उठलीच नाही. संध्याकाळी अनसूयेला पोचवून आलो.

अंबाडीकडच्या माझ्या भावकीला, आणि माझ्यासारखं गाव सोडून भिवंडीत राहिलेल्यांना हे लिहितोय. दहाव्याला तुम्ही बोललात ते झोंबलं. "बायको जाऊन एक दिस न्हाय झाला आन् हा रस्त्यात बायकांत बसला! आता तरी गावाला चल." आता ऐका.

आम्ही गाव सोडलं तेव्हा आई एसटीपर्यंत आली होती. "शहरात कुणाच्या मधी पडू नका," एवढंच म्हणाली. मी ऐकलं. शिफ्ट, जेवण, झोप. अनसूयेनं अजिबात ऐकलं नाही. दंगल झाली, आमचा कारखाना जळला, समोरच्या मुसलमान गल्लीतली घरं जळली. त्यानंतर ही आणि समोरची रशीदा, दोघी जन्मभर मधेच पडत राहिल्या.

काम साधं. मिरवणूक कुणाचीही असो, दोन गल्ल्या मिळतात त्या तोंडाशी सकाळीच सतरंजी टाकायची आणि दोन्हीकडच्या बायकांनी घरचं काम घेऊन बसायचं. पहिल्या वर्षी काय चूक केली सांगू? आमच्या बायका त्यांच्या गल्लीकडं तोंड करून बसल्या, त्यांच्या आमच्याकडं. पोरांना वाटलं, या भांडायलाच बसल्यात. दगड आला. अनसूयेच्या कपाळाला तीन टाके. पट्टी बांधून आली आणि म्हणाली, "चुकलं आपलं. आपापल्या पोरांकडं बघून बसायचं. आईच्या डोळ्यांसमोर दगड कोण उचलतो बघूया!" तेव्हापासून पाठीला पाठ लावून बसल्या. आणि काय सांगू तुम्हाला, आमच्या कोपऱ्यावर परत दगड उठला नाही! धामणकर नाक्यावर शटरं धडाधड खाली येत होती तेव्हा आमच्याकडं बायका लसूण सोलत होत्या! मला म्हणायची, "तुम्ही पण बसा." मी म्हणायचो, "बायकांत? येडी का खुळी?"

तर पोचवून आलो त्या संध्याकाळी रशीदा दारात. दुसऱ्या दिवशी गणपतीचं विसर्जन. "भाऊजी, तुमच्याकडच्या बायका म्हणतात, अनसूयाच न्हाय तर कशाला बसायचं? आणि आम्ही एकट्याच बसलो तर पोरं म्हणतील, यांनी वाट अडवली."

खरंच होतं. समोर आमचे ढोल आणि मधे फक्त त्यांच्या बायका. एका दुपारी अनसूयेचं सगळं आयुष्य पाण्यात गेलं असतं. मी म्हटलं, "मी बसतो."

रडता रडता रशीदा हसायला लागली. "तुम्ही? रांगेत?"

विसर्जन सुखरूप झालं, आधीच सांगतो, तुमचा जीव टांगणीला नको. पण खरी गंमत त्याच्या आधीची. सकाळी आंघोळ करून गेलो आणि आमच्या गल्लीकडं तोंड करून एकटा बसलो. पाठीमागं रशीदा आणि तिच्या बायका. छाती अशी धडधडत होती, आणि अरे, भीतीनं नाही! लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढी धडधडली नव्हती. आमच्या गल्लीतली एक खिडकी उघडली. मग दुसरी. मग शेजारची यमुना काखेत सूप मारून तरातरा आली. तिच्या मागं दोघी, मग चौघी, मग अख्खी चाळ!

गावच्या घरातली माझी खोली पुतण्याला द्या. तुमचा राग नाही. ओटीवर बसवाल, दोन वेळ ताट आणून द्याल, ठाऊक आहे. पण मला आयतं बसायचं नाही. माझी माणसं इथं आहेत, आणि ती माझ्यावर कशी ओरडतात ते ऐका.

त्या सकाळी यमुना डोक्याशी येऊन उभी राहिली. "उठा हो भाऊ. ही जागा बायकांची हाय. बाप्याचं काय काम?"

अर्धा हात सरकलो. उठलो नाही.