वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार

आता कुठून सुरू करू? हसू नका म्हणजे झालं! देवाशी बोलायची माझी सवय व्हिसाच्या दारात अशी नडेल, असं वाटलं नव्हतं हो.

आमची श्रुती अमेरिकेला शिकायला निघाली. व्हिसासाठी अट अशी की, तिचं सोशल मीडियाचं अकाउंट सगळ्यांना दिसेल असं उघडं ठेवायचं. वकिलातीतले साहेब म्हणे सगळं वाचणार! अर्ज भरण्याआधी तिने कॉलेजच्या मोर्चातला स्वतःचा फोटो काढून टाकला. बसच्या फेऱ्या वाढवा, एवढंच होतं हो फलकावर! तरी काढला पोरीने. आमचे हे तर घरातसुद्धा हळू बोलायला लागले.

मला मात्र भीती वाटेना. न दिसणारा कुणीतरी आपल्याकडे बघतोय, याची मला जन्माची सवय! उलट दयाच आली. बसला असेल बिचारा लोकांच्या पोरींचे फोटो बघत. जेवला तरी असेल का?

म्हणून मी श्रुतीच्या प्रत्येक फोटोखाली लिहिलं, 'वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. डोळ्यांना जपा.'

तेवढ्यावर थांबले असते तर! पण संकष्टीला चंद्राची वाट बघता बघता नवसच लिहून टाकला. 'गणराया, साहेबांना सुबुद्धी दे. पोरीला तिकडेच नोकरी, तिकडेच घर, तिकडेच नवरा मिळू दे. एकवीस संकष्ट्या निर्जळी करीन.' भजनी मंडळातल्या झाडून सगळ्यांनी खाली हात जोडले. नलूवहिनींनी तर लिहिलं, 'तथास्तु! आता परत येऊच नकोस गं!'

श्रुती ओरडतच बाहेर आली. "आई! अगं काय केलंस हे?"

"नवस."

"शिकून मी परत येणार, हे त्यांना पटलं तरच व्हिसा मिळतो! आणि तू माझं लग्नसुद्धा लावून मोकळी झालीस?"

"मग पुसते की!"

"हात लावू नकोस! आता पुसलं तर काहीतरी लपवतोय असं वाटेल त्यांना."

हे म्हणाले, "झालं! आता बसा दोघी डोंबिवलीत मोदक वळत."

पोरीचे डोळे भरून आले, तशी मी हादरले. दोन वर्षं अभ्यास केला होता हो तिने! पुसायचं नाही ना? मग खालीच लिहिलं, 'साहेब, उपाशीपोटी चुकलं. ती परत येणारच. तिला माझ्या हातच्या आमटीशिवाय करमत नाही. गणराया, तिला सुखरूप माघारी आण. आणखी एकवीस करीन.'

मुलाखतीच्या दिवशी देव पाण्यात घालून बसले. दुपारी फोन आला, "आई, मिळाला!"

"आणि माझं? वाचलं का गं त्यांनी?"

"कुणी विषयच नाही काढला."

एवढं मनापासून लिहिलं आणि कुणी विचारलंसुद्धा नाही? खरं सांगते, जरा रागच आला!

आता ती तिकडे, आणि मी इकडे नवस फेडतेय. दोन्ही एकदम फेडता येतील का, म्हणून गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, आधी ठरवा, तुम्हाला हवंय काय?"

फोन उघडून बघणारे परवडले हो! टिटवाळ्याला गणपतीपुढे उभी राहिले की तो थेट आतच बघतो. आणि आत बघितलं तर काय, पहिला नवस मी निव्वळ तोंडदेखला केलेला. आता त्या खोट्या नवसाच्या एकवीस निर्जळी संकष्ट्या मात्र अगदी खऱ्या!