डाव्या घोट्यावरची रेघ

शनिवार, १२ मे १९८४. ओहायोतल्या आमच्या गावचं म्युझियम, सकाळी साडेदहा. हजर: मी, माझी शेजारीण कुंदा आणि कुंदाचे सासरे. माझे यजमान पार्किंग शोधत होते, त्यांना अर्धे हजर धरते.

कुंदाच्या सासऱ्यांइतका धातूवर विश्वास आणि माणसांच्या बोलण्यावर अविश्वास असलेला दुसरा पाहुणा त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेत आला नसेल. कोल्हापुरात चाळीस वर्षं फाउंड्रीत ओतकाम केलेला माणूस. मुलाने सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं आणि "बाबा, आता काही करायचं नाही, नुसता आराम," असं सांगून सोफ्यावर बसवलं. दुसऱ्याच दिवशी काकांनी कुंदाची सगळी भांडी ओट्यावर उपडी घालून बोटाच्या पेराने एकेक वाजवून पाहिली. चांगलं भांडं खणखणतं, चिरलेलं बद्द वाजतं, एवढ्या एका गोष्टीवर ते जगाची पारख करत. कुंदाचं लग्नातलं पितळी पातेलं पास झालं, सेलमध्ये घेतलेला बारा भांड्यांचा सेट नापास. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी "या काका" म्हणत दार उघडून उभी, आणि हे बाहेर वाकून दाराची मूठ हलवताहेत. "ताई, मूठ पोकळ हाय," म्हणाले. "चोराला सांगू नका म्हंजे झालं."

फिरायला नेलं तर त्यांना झाडं दिसत नसत, फुलं दिसत नसत. आगीच्या बंबाचे लाल नळ दिसत, दिव्याचे खांब दिसत. एकदा रस्त्याच्या मधोमध गटाराच्या झाकणाशी उकिडवे बसले. मागे चार गाड्या थांबल्या. इथे लोक हॉर्न वाजवत नाहीत, नुसते थांबून राहतात, आणि त्याची जास्त लाज वाटते. मी धावत गेले. "काका, उठा!" "थांबा वो, हे वाचा आधी." लोखंडी झाकणावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'इंडिया' असं ओतलेलं होतं. काकांनी त्यावरची माती हाताने झाडली. "आपल्याकडचं पोर हितं रस्त्यात पडलंय आन् कुणी इचारत न्हाई," म्हणाले, आणि मगच उठले.

म्युझियममध्ये मी त्यांना नेलं ते कुंदाला जरा मोकळा श्वास मिळावा म्हणून. पण ऐनवेळी तीही आली. बसच्या खिडकीतून दुकानं बघावीत तशी काकांनी चित्रं बघितली. दुसऱ्या दालनात मात्र थबकले. तिथे या शतकाच्या सुरुवातीचा एक जर्मन पुतळा आहे. ब्राँझची, माणसाएवढी बाई. उजवा गुडघा जमिनीवर टेकलेला, डावा पाय रोवलेला, हातपाय लांबसडक, मान खाली. अंगावर काही नाही. काका तिच्याभोवती तीन वेळा फिरले. कुंदा लाल झाली.

"मामंजी, पुढे चला ना. खूप बघायचंय अजून."

"सूनबाई, मी पायाकडं बघतोय," काका म्हणाले. "हा डावा घोटा बघ. रेघ दिसती? चीर हाय ती. सगळा भार ह्याच पायावर. आज न्हाई, पण एक दिवस बाई खाली बसंल."

आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी पेराने घोटा वाजवला, कान लावला. "बद्द वाजतंय," म्हणाले.

पहारेकरी धावत आला. साठीचा, दणकट माणूस. मी माफीची वाक्यं जुळवत होते, तर त्याने विचारलं, "हे काय ऐकतायत?" मी काकांचं म्हणणं सांगितलं. त्याने वाकून घोटा पाहिला. मग म्हणाला, "मी एकवीस वर्षं फाउंड्रीत होतो. ती बंद पडली म्हणून हा युनिफॉर्म." मी भाषांतर करून सांगितलं. काकांनी सरळ त्याचा हात धरला आणि तळवा उलटासुलटा करून पाहिला. मनगटावर ठिणग्यांचे जुने पांढरे डाग होते. काकांनी बाही वर सारून आपलेही दाखवले. "खरं बोलतोय," मला म्हणाले. पहारेकऱ्याने पुन्हा हात न लावण्याची ताकीद दिली, आणि ऑफिसला पत्र लिहा, असंही सुचवलं.

पत्र काकांनी मला कुंदाच्या डायनिंग टेबलाशी सांगितलं. मुलगा हसत होता. "बाबा, तिथे एक्सपर्ट असतात. ते तुमचं कशाला ऐकतील?" काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ताई, लिहा. चाळीस वर्षं ओतकाम केलंय. चीर ऐकण्यात माझा कान एकदाबी चुकला न्हाई. चुकला असंल तर तसंबी कळवा." मग मराठीत सही केली. त्या सहा महिन्यांत काम म्हणावं असं त्यांच्याकडून एवढं एकच झालं, तेही घरात कुणी न मागितलेलं.

ऑगस्टमध्ये ते परत गेले. विमानतळावर मुलाला जपून राहायला सांगितलं, आणि मला, "उत्तर आलं की कळवा." कोल्हापूरहून कुंदाला येणाऱ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ माझ्यासाठी असते: 'बाईचा पाय कसा आहे?' कुंदा सांगते, तिकडे ते ज्याला त्याला सांगतात, अमेरिकेत एक चीर पकडून आलोय.

म्युझियमचं उत्तर ऑक्टोबरात आलं. पत्र सभ्य आहे. पुतळा तपासला. घोट्यावरची रेघ म्हणजे चीर नाही, सांधा आहे. पाऊल वेगळं ओतून नंतर जोडलेलं आहे, त्या काळी तशीच पद्धत होती, आणि जोड पक्का आहे. ही रेघ आजवर त्यांच्या कागदांत नव्हती, ती आता नोंदली आहे. पाहुण्यांच्या नजरेबद्दल त्यांनी आभार मानले आहेत. कानाबद्दल काही लिहिलेलं नाही.

नजरेचं तेवढंच कळवावं, असं कुंदा म्हणते. मलाही एकदा तसं वाटलं. पण काकांनी विचारलं होतं ते कानाचं, आणि 'तसंबी कळवा' हे मी माझ्याच हाताने लिहिलं आहे. एरवी आलेल्या पत्राला आठवड्याच्या आत उत्तर देते मी. आता मार्च उजाडला. एरोग्राम काढून ठेवला आहे, पत्ता घातला आहे, 'तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार' इथपर्यंत लिहून झालं आहे. पुढचं व्हायचं आहे.