वस्तादांची रीड

गळ्यावर वस्तरा असताना माणूस कशालाही हो म्हणतो, हे आमच्या शेजारच्या सलूनवाल्यांना पक्कं माहीत होतं. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासून झाला, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजून झाला, की ते बोटाने त्याची हनुवटी वर उचलायचे आणि सुरू व्हायचे. "स्टेजवर ही एवढी पोरं बसतात. व्हायोलिनवाली, कर्णेवाली, ढोलवाली. पण एकाची हिंमत नाही मनाने सूर लावायची! आधी आमची मुलगी एक सूर देणार, मग बाकीचे आपापली वाद्यं त्याला जुळवणार. आणि तो सूर निघतो कशातून? या हातांनी घासलेल्या रीडमधून. काय?" गिऱ्हाईक डोळ्यांनीच होकार द्यायचं. दुसरं करणार काय बापडं!

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून शिवणकाम करते. भिंत कसली, लाकडी फळ्याच त्या. त्यामुळे हे कौतुक मी किती वेळा ऐकलं असेल ते विचारू नका. गल्लीने चिडवायला म्हणून त्यांना 'वस्ताद' नाव ठेवलं, तर त्यांनी ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवलं. मग मीही वस्तादच म्हणू लागले.

मुलगी ओबो वाजवायची. ओबो म्हणजे सनईच्या गोतातलं, काळ्या लाकडाचं, फुंकून वाजवायचं वाद्य. त्याच्या तोंडाशी बोरूच्या दोन पातळ पात्या दोऱ्याने एकत्र बांधलेल्या असतात. तीच रीड. ती बिघडली की वाद्य कितीही भारी असो, बदक ओरडल्यासारखं ओरडतं. आणि रीड काही जन्माला पुरत नाही, सारखी नवी लागते.

पोरगी लहान असताना तिची एकुलती एक रीड चिरली आणि ती सलूनच्या बाकावर बसून मुसमुसायला लागली. वस्तादांनी ती चिरलेली रीड उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "हे तर दाढीचंच काम आहे!" कुठूनसे बोरूचे तुकडे मिळवले, पाण्यात भिजवले, वस्तऱ्याने तासले. बऱ्याच रीड वाया गेल्या. दोरा माझ्याकडून नेला, काळा, कोटाची बटणं लावायचा. शेवटी एक वाजली. पोरीने अशी उडी मारली की पावडरचा डबा खाली आला आणि आम्ही सगळे पांढरे झालो. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर लोक म्हणायला लागले की त्यांना ते कधी जमलंच नव्हतं. साफ खोटं. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या दोऱ्याने बांधलेली रीड वाजली होती.

पुढे मुलीची निवड शहरातल्या तरुणांच्या वाद्यवृंदात झाली. वस्तादांचं काम वाढलं. रविवारी दुपारनंतर दुकान बंद करायचे आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतः बसायचे. मांडीवर टॉवेल, शेजारी पाण्याची वाटी. पात्या तासताना जीभ दाताखाली धरायचे. सोमवारी सकाळी मुलगी दुकानावरून जायची तेव्हा कापूस घातलेल्या छोट्या डबीत नवी रीड तयार असायची. "बाबा, मागची तर फारच छान वाजली हं," असं म्हणून ती डबी पिशवीत टाकायची. त्या एका वाक्यावर हा माणूस पुढचा आठवडा काढायचा. घरी ती दार लावून सराव करायची. लक्ष विचलित होतं, म्हणे.

तीन वर्षं असं चाललं. मग ती पहिली ओबोवादक झाली, म्हणजे सगळ्यांना सूर देणारी. आणि वस्तादांचे पाय जमिनीवर ठरेनात.

त्या मोठ्या कार्यक्रमाला मीही गेले. मुलीचा काळा झगा मीच शिवला होता, तेव्हा माझाही हक्क होता. वस्तादांनी बूट चमकवले होते, त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, ठेवणीतले कपडे घातले होते. वस्तादांच्या खिशात एक जादा डबी होती. मुलीच्या शेजारी दुसरी ओबो वाजवणारी एक मुलगी बसते, तिच्यासाठी. "जोडीने वाजवायचं तर दोघींचा आवाज एका घरचा नको का, ताई?" असं त्यांनी मला वाटेत तीनदा सांगितलं.

स्टेजमागच्या बोळात मुलं वाद्यं काढून बसली होती. वस्तादांनी त्या दुसऱ्या मुलीपुढे डबी धरली. "घे बाळ, तुलाही. मीच करतो हिच्या."

तिने डबी उघडून पाहिली. मुलगी शहाणी होती, चेहरा हसराच ठेवला तिने. "थँक्यू, काका. पण आम्हा दोघींच्या रीड्स आम्हाला ओबो शिकवणारे सरच करून देतात. ही आली तेव्हापासून." मग तिचं लक्ष आमच्या मुलीच्या चेहऱ्याकडे गेलं आणि ती गडबडली. "म्हणजे… घरी सरावाला वापरत असेल ना ही तुमच्या."

वस्तादांनी आपल्या मुलीच्या हातातल्या वाद्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. रीडला निळा दोरा होता, माझा काळा नव्हे.

वस्ताद वहिनींकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"आत्ता नको," वहिनी म्हणाल्या. "लोक बघतायत."

झालं. उत्तर मिळालं.

आम्ही जागेवर जाऊन बसलो. दिवे मंद झाले, मुलगी ताठ बसली आणि तिने सूर दिला. एकच, लांब, कुठेही न हलणारा. एकेक वाद्य येऊन त्याला मिळालं. काय सुंदर सूर होता तो! आणि मला त्याचा मनस्वी राग आला. वस्ताद दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून बसले होते. टाळ्या पडल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या. लोक उभे राहिले तेव्हा तेही उभे राहिले. अशा तऱ्हेने परक्यासारखा तो माणूस आपल्याच मुलीच्या कौतुकात सामील झाला.

परतताना आम्ही चौघं बसच्या थांब्यावर आलो. तिथे वस्ताद म्हणाले, "गिऱ्हाईक दुसरीकडे केस कापून आलं ना, की मानेवरची कड बघूनच मला कळतं. मी कधी एक शब्द बोलत नाही. ज्याला जिथे आवडेल तिथे त्याने बसावं. पण काही जण महिनाभर दुकानासमोरून टोपी घालून जातात. त्यांचा मला राग येतो. तू तीन वर्षं टोपी घालून फिरलीस, बाळ."

"बाबा, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं! आठवडाभर वाटलं असतं. चार घास कमी गेले असते. मेलो असतो का मी?"

"तुमची रीड जास्त घासली जायची," मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "तुम्ही दाढीसारखी एकदम गुळगुळीत करायचात. सर म्हणाले, मध्ये थोडी जाड ठेवायची असते, नाहीतर वरचा सूर बसतो."

"मग मला सांगायचं होतंस! ठेवली असती मध्ये जाड. मी काय दगड आहे? मला शिकता आलं नसतं?"

खरं तर हा विचार तिघांपैकी फक्त त्यांनाच सुचला होता.

"माझ्या कुठे गेल्या सगळ्या?" त्यांनी विचारलं.

मुलीने आईकडे पाहिलं. वहिनी बस येते का ते बघत होत्या.

"शाळेच्या कोपऱ्यावरच्या कचरापेटीत," ती हळूच म्हणाली. "आई म्हणाली, घरात ठेवू नकोस, दिसतील."

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना गाठलं. मला राहवत नाही, स्वभावच तसा. "अहो, नवऱ्याला असं गल्लीभर नाचू दिलंत?" तर म्हणाल्या, "तुम्हाला बोलायला काय जातंय, ताई? आनंदात होते ना ते? मग?" गल्लीचंही मत तेच पडलं. पोरीने बापाचं मन राखलं, गुणाची पोर. मला नाही पटत. मन राखणं वेगळं आणि माणसाला खुळखुळा देऊन बसवणं वेगळं. लहान मुलाला आपण खोटं स्टिअरिंग देतो, 'वा, काय गाडी चालवतोस!' म्हणतो. ते लहान मुलाला. घरच्या कर्त्या माणसाला नाही. जिच्यावर जीव टाकला तिने दर सोमवारी तोंडभर हसून डबी घ्यायची आणि कोपऱ्यावर रिकामी करायची, याला मी विश्वासघातच म्हणणार. कुणाला माझा शब्द कडक वाटला तर वाटो.

वस्तादांनी आरडाओरडा केला नाही. ते गप्प झाले, आणि फळ्यांपलीकडून नुसती कात्री ऐकू यायला लागली. एका आगाऊ गिऱ्हाइकाने डिवचलं, "काय वस्ताद, कालचा सूर कसा काय लागला?" मी शिलाई मशीन थांबवून कान दिला.

"रीड सरांची असते," वस्ताद म्हणाले. "मुलगी माझी आहे. मान सरळ ठेवा."

त्यानंतर त्यांना वस्ताद म्हणायला माझीही जीभ रेटेना.

महिना उलटला. मी त्यांच्या गिऱ्हाइकांच्या अंगावर टाकायच्या कापडांना नव्या पट्ट्या लावल्या होत्या, त्या द्यायला गेले तेव्हा मुलगी दुकानात आली. पुढच्या कार्यक्रमाचे पास घेऊन आली होती. हल्ली ती घरात फार जपून वागायची, पाणी नेऊन दे, पाय चेपून दे, असं वहिनींनीच मला सांगितलं होतं. तिने पास आरशापुढे ठेवले.

"बाबा, येणार ना?"

"येईन की."

"आत्या, तुम्हीपण या." मी मान हलवली आणि कापडं घडी करत बसले. मुलगी जाईना. "बाबा, अजून रागावलाय का माझ्यावर?"

"नाही गं. राग किती दिवस राहतो?"

"मग माझ्याशी पूर्वीसारखं का बोलत नाही?"

त्यांनी कात्री फडक्याने पुसली आणि जागेवर ठेवली. "आज सकाळी चहा मी केला," ते म्हणाले.

"हो."

"तू काय म्हणालीस?"

"छान झालाय म्हणाले. झालाच होता, बाबा."

"तू गेल्यावर तुझ्या कपात तळाशी घोटभर उरला होता. तो मी चाखून पाहिला." ते तिच्याकडे बघत नव्हते, आरशातही नाही. "साखर घालायला विसरलो होतो मी."